व्यवसायसंपर्क मंडळाचे वर्षभराचे सदस्यत्व: बेळगावातल्या एका सजावटकाराचा अनुभव

मी बेळगावात शहापूरला राहते आणि लग्न, साखरपुडा, बारसे, वास्तुशांत अशा समारंभांची फुलांची व स्टेजची सजावट करते. २०२४ च्या दिवाळीनंतर मी एका व्यवसायसंपर्क मंडळाचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले होते आणि २०२५ च्या दिवाळीनंतर ते पुढे चालू ठेवले नाही. खानापूर, संकेश्वर, निपाणी इथल्या आमच्याच धंद्यातल्या अनेकांनी त्यानंतर मला विचारले की एवढी वर्गणी भरून हाती काही लागते का. प्रत्येकाला फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळे नीट लिहून काढावे, असे वाटले. मंडळाचे नाव मी लिहीत नाही. त्याच्या शाखा अनेक गावांत आहेत, प्रत्येक शाखा तिथल्या माणसांच्या स्वभावावर चालते, आणि एका शाखेत मला जे उणे दिसले त्याचा बोल बाकीच्यांना लागू नये, अशी माझी इच्छा आहे.

मंडळाची पद्धत अशी आहे. एका शाखेत प्रत्येक व्यवसायातला एकच माणूस घेतात: एक छायाचित्रकार, एक केटरर, एक डेकोरेटर, एक सी.ए., एक विमा प्रतिनिधी, एक फरशीचा दुकानदार. आठवड्यातून एकदा सकाळी सात वाजता टिळकवाडीतल्या एका हॉटेलात सगळे जमतात. नाश्ता होतो, प्रत्येक जण उभा राहून एक मिनिट आपल्या कामाबद्दल बोलतो, पाळीप्रमाणे एक सदस्य दहा मिनिटे सविस्तर बोलतो आणि शेवटी कोणी कोणाला कोणते गिऱ्हाईक सुचवले याच्या रेफरल स्लिपा भरल्या जातात. गैरहजेरीला मर्यादा असते. ती ओलांडली तर जागा काढून घेऊन त्याच धंद्यातल्या दुसऱ्याला देतात. प्रवेशशुल्क आणि वर्गणी मिळून मला वर्षाचा खर्च चाळीस हजारांच्या जवळपास आला. नाश्त्याचे पैसे वेगळे.

मी तिथे का गेले, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्याआधी दहा वर्षे माझी बहुतेक कामे एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडून येत. तारीख धरायला आलेल्या माणसाला ते माझा नंबर देत, काम झाले की मी ठरलेली रक्कम त्यांच्या हातात ठेवत असे, आणि आमच्याकडे यालाच ओळख म्हणत आले आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात कार्यालयाचा कारभार दुसऱ्या मालकाकडे गेला. नव्या मालकाने आपला डेकोरेटर आणला, बाहेरच्या डेकोरेटरने काम केल्यास वेगळे शुल्क लावले, आणि माझ्या वहीतल्या पुढच्या हंगामाच्या तारखा निम्म्याहून कमी झाल्या. इतक्या वर्षांत मी शेकडो घरांची लग्ने सजवली होती, पण ती घरे मला ओळखत नव्हती; ती कार्यालयाला ओळखत होती. एकाच दारावर सगळा संसार उभा केल्याची ती चूक माझीच होती, आणि आणखी दारे हवीत म्हणून मी मंडळात गेले.

पहिला लाभ मला त्या एका मिनिटाने दिला, हे मी मोकळेपणाने मान्य करते. सुरुवातीचे दोन महिने मी उभी राहून सांगत असे की मी सर्व प्रकारची सजावट वाजवी दरात करते. त्या वाक्यावर कोणालाही कोणाची आठवण येत नसे. एका जुन्या सदस्याने मला बाजूला घेऊन सांगितले, "ताई, आमच्या डोळ्यांपुढे एक घर उभं राहील असं बोला." पुढच्या आठवड्यात मी म्हटले, ज्यांच्या घरी साखरपुडा झाला आहे, हॉल ठरला आहे, केटरर ठरला आहे, पण हळदीच्या दिवशी घराच्या अंगणात काय करायचे हे अजून ठरलेले नाही, असे कोणी तुमच्या ओळखीत आहे का. त्या दिवशी तीन हात वर आले. ज्याला आपले काम अशा एका वाक्यात सांगता येत नाही, त्याने निदान तेवढ्यापुरते अशा मंडळात पाहुणा म्हणून जाऊन बसावे. पाहुण्याला बहुधा एखादी सभा वर्गणीशिवाय पाहू देतात.

वेळेचा प्रश्न मात्र वर्षभर सुटला नाही. सकाळी सातची सभा कार्यालये आणि दुकाने उघडण्याआधीची म्हणून ठेवलेली आहे. दहाला शटर वर करणाऱ्याला ती सोयीची पडते. आमचा दिवस पहाटे चारला फूलबाजारात सुरू होतो. झेंडू, शेवंती, निशिगंध यांचा भाव उजाडायच्या आत ठरतो, आणि लग्न सकाळच्या मुहूर्ताचे असेल तर सातला मी स्टेजवर शेवटचे तोरण बांधत असते. आचाऱ्यांचेही तसेच: सातला त्यांच्या चुलीवर नाश्त्याचा उपमा असतो. लग्नसराईत माझी गैरहजेरी भरत गेली आणि दोनदा मला समज देण्यात आली. ज्या महिन्यांत आमच्याकडे सांगण्यासारखे आणि देण्यासारखे सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही तिथे हजर राहू शकत नाही. चाळीसएक सदस्यांत बायका आम्ही चौघीच होतो, आणि त्यामागे शाळेचा डबा आणि सातचे घड्याळ यांचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

आता रेफरलचा हिशेब. वर्षभरात मला सव्वीस स्लिपा मिळाल्या. त्यांतल्या सात कामांत उतरल्या, आणि त्या सातांपैकी पाच छायाचित्रकार व केटरर या दोघांकडून आल्या होत्या. फरशीवाले, विमावाले, संगणकवाले यांनी दिलेल्या स्लिपा मनापासून दिलेल्या होत्या, पण बहुतेक वेळा त्या म्हणजे एखाद्या चुलतभावाचा नंबर असे, आणि फोन केल्यावर कळे की लग्न होऊन गेले आहे किंवा डेकोरेटरला इसार दिला आहे. यात कोणाचा दोष नाही. लग्नघर निर्णय एका ठरलेल्या क्रमाने घेते: आधी मुहूर्त आणि हॉल, मग जेवण, मग फोटो, मग सजावट, त्यानंतर मेहंदी, पार्लर, बँड आणि घोडी. रेफरल या क्रमाने वरून खाली वाहतो. वरचा खालच्याला काम देऊ शकतो. खालचा वरच्याला क्वचितच, कारण त्याच्यापर्यंत गिऱ्हाईक पोचते तेव्हा वरचे सगळे ठरून गेलेले असते. म्हणून लग्नाच्या धंद्यातल्या माणसाने सदस्यत्व घेण्याआधी शाखेत किती माणसे आहेत हे विचारू नये. आपल्या आधीच्या पायरीवरचे किती आहेत, हे विचारावे. माझ्या शाखेत एकही मंगल कार्यालय नव्हते. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते.

शाखेत कमिशनला बंदी होती, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटला. बाहेर नंबर देणाऱ्याला टक्केवारी द्यावी लागते, ती शेवटी गिऱ्हाइकाच्या दरात किंवा फुलांच्या संख्येत निघते. मंडळातून आलेल्या सातही कामांत मला कोणाच्याही हातात काही ठेवावे लागले नाही, आणि त्यामुळे लग्नघराशी दर उघड बोलता आला.

सीमाभागात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण मंडळाच्या माहितीपत्रकात ती कुठेही नव्हती. आमच्याकडची सोयरीक राज्याची हद्द पाहून होत नाही. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर, खानापूरकडची कितीतरी घरे गोव्याशी जोडलेली, चिकोडीची मुलगी कागलला आणि गडहिंग्लजची बेळगावात. त्यामुळे चांगले काम केले की पुढचे बोलावणे कोगनोळी नाक्याच्या, म्हणजे राज्याच्या हद्दीच्या, पलीकडून येते. मंडळही असे बोलावणे म्हणजे जाळे वाढल्याची खूण मानून टाळ्या वाजवते. परंतु जी.एस.टी.च्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोपी योजना) नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला दुसऱ्या राज्यात माल किंवा सेवा पुरवता येत नाही, आणि बेळगावातले अनेक लहान डेकोरेटर, प्रकाशयोजनावाले व मंडपवाले याच योजनेत आहेत. जी.एस.टी. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या समारंभाचे काम जिथे समारंभ होतो तिथले धरले जाते. म्हणजे गिऱ्हाईक टिळकवाडीचे असले तरी लग्न कोल्हापुरात असेल तर ते आंतरराज्य काम होते आणि त्यावर आय.जी.एस.टी., म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जी.एस.टी., लागतो. आमच्या शाखेतल्या प्रकाशयोजनेच्या एका तरुण सदस्याने पणजीच्या कामाची स्लिप आनंदाने घेतली, टेम्पो ठरवला, आणि नंतर त्याच्या सी.ए.ने बिल करता येणार नाही असे सांगितल्यावर त्याला शब्द मागे घ्यावा लागला. धंद्यात शब्द मागे घेणे किती लागते, हे त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिले. मी साध्या नोंदणीत असल्याने मला ही अडचण आली नाही, पण खांब, कापड, गालिचे घेऊन हद्द ओलांडताना ते सामान विक्रीचे नसून परत येणारे आहे हे दाखवणारे डिलिव्हरी चलन सोबत ठेवावे लागते, हे मला त्या वर्षातच शिकावे लागले. बाहेरच्या राज्यातले काम सुचवताना समोरच्याची नोंदणी कोणती आहे एवढा एक प्रश्न मंडळाने स्लिपेवर छापला, तरी अनेकांची फजिती वाचेल.

भाषेबद्दलही थोडे. सभेचे कामकाज इंग्रजी-हिंदी मिश्रणात चालत असे. माझी गिऱ्हाइके मात्र मराठी आणि कन्नड बोलतात, काही घरांत आजी कोंकणीतच विचारते. गोकाककडून आलेल्या एका कामात मुलीच्या आईशी दोन वाक्ये मोडक्या कन्नडमध्ये बोलल्यावर जो विश्वास बसला, तो कोणत्याही छापील पत्रकाने बसला नसता. आणि ज्यांच्यावर आमचे सगळे काम उभे असते ती माणसे, म्हणजे हलगीवाले, वाढप्यांचा मुकादम, वडगावात घरी बसून माळा ओवून देणाऱ्या बायका, यांना त्या सभेत जागाच नव्हती. त्यांना वर्गणी परवडत नाही, उभे राहून इंग्रजीत ओळख करून देणे जमत नाही, आणि त्यांच्या धंद्याचा रकाना अर्जात नसतो.

मंडळाने सुचवलेल्या दोघांच्या भेटी मला सभांपेक्षा अधिक उपयोगी ठरल्या. दोन सदस्यांनी एकमेकांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन तासभर बसायचे, असा तो उपक्रम आहे. मी छायाचित्रकाराच्या स्टुडिओत गेले तेव्हा त्याने माझ्याच सजावटीचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवले. स्टेजच्या मागे मी लावलेले जांभळे एल.ई.डी. दिवे डोळ्यांना सुंदर दिसत होते, पण त्यांचा रंग नवरीच्या गालांवर आणि हळदीच्या पिवळ्यावर पडून त्वचा करडी दिसत होती. वरून हॉलच्या पांढऱ्या ट्यूब आणि बाजूने पिवळे दिवे, म्हणजे एका चेहऱ्यावर तीन रंग. त्यानंतर मी चेहऱ्यांवर पडणारा प्रकाश एकाच जातीचा ठेवू लागले आणि रंगीत दिवे फक्त मागच्या कापडावर सोडू लागले. केटररकडे गेल्यावर समजले की जैन घरातले जेवण सूर्यास्ताआधी आटोपायचे असते, म्हणून तिथे जेवणाच्या मांडवाची सजावट दुपारीच पूर्ण हवी आणि सगळा जोर संध्याकाळच्या दिव्यांवर देऊन चालणार नाही. चिकोडी-निपाणी भागात काम करणाऱ्याला हे आधीच ठाऊक असायला हवे. मला ते दहा वर्षे कोणी सांगितले नव्हते, कारण मी केटररशी कधी बसून बोललेच नव्हते.

दहा मिनिटांच्या भाषणांतली बरीचशी विसरून गेले, दोन मात्र लक्षात राहिली. एका वकिलांनी सांगितले की लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी संबंधित सामाजिक समारंभात गाणी वाजवणे हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही, केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसे पुन्हा स्पष्टही केले आहे, त्यामुळे परवान्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर घाबरून देऊ नयेत. मात्र रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाची बंदी लग्नालाही लागू आहे. दुसरे भाषण ड्रोनबद्दलचे. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, छावणीचा परिसर आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे. इथे नवरदेवाच्या मिरवणुकीवर ड्रोन सोडण्याआधी २०२१ च्या नियमांनुसार तो भाग नकाशावर हिरवा म्हणजे मोकळा, पिवळा म्हणजे परवानगी लागणारा, की लाल म्हणजे बंदीचा आहे, हे पाहावेच लागते. अशी माहिती एकट्याने धंदा करणाऱ्याच्या कानावर सहसा पडत नाही.

तरीही मी सदस्यत्व पुढे चालू ठेवले नाही, याचे मुख्य कारण एका धंद्याला एकच जागा हा नियम आहे. फरशीच्या दुकानात आज न विकलेली फरशी उद्या विकता येते. आमच्याकडे तारीख विकली जाते. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, पण गुरू-शुक्राचा अस्त, परीक्षा, पाऊस हे सगळे वगळून मोजकेच मुहूर्त उरतात आणि सगळे गाव त्याच दिवशी लग्न करते. अशा मोठ्या तारखेला मला गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्याची गरज नसते. मला गरज असते ती माझ्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाची.

३० एप्रिल २०२५ ला अक्षय्य तृतीया होती. माझ्याकडे तीन कामे होती, त्यातले एक काकतीजवळच्या लॉनवर. पहाटे तिकडे जाणारा टेम्पो बंद पडला आणि त्यात खांब, कमानी आणि गालिचे होते. मुहूर्त अकराच्या आतला. मी मंडळातल्या सहा जणांना फोन केले. सगळ्यांनी आपुलकीने विचारपूस केली, एकाने आपली गाडी पाठवतो म्हटले, पण गालिचा आणि कमान कोणाकडे असणार? शेवटी मी त्या डेकोरेटरला फोन केला, ज्याने काही महिन्यांपूर्वी माझ्याच जागेसाठी मंडळात अर्ज केला होता आणि मी आधीच असल्यामुळे ज्याला नकार मिळाला होता. त्याने विचारले, "ताई, कमान किती फुटांची पायजे?" आणि पाऊण तासात त्याची दोन पोरे सामान घेऊन लॉनवर उतरली. भाडे विचारले तर म्हणाला, "पुढच्या मोठ्या तारखेला मला लागंल तेव्हा बघू." त्या सकाळी मला कळले की ज्याला मी नियमाने दाराबाहेर ठेवले होते, माझ्या व्यवसायसंपर्कात पहिला क्रमांक त्याचाच असायला हवा होता.

पुढच्या सभेत मी हे सांगितले आणि विनंती केली की लग्नसमारंभाच्या धंद्यांत तरी एकापेक्षा अधिक सदस्य घ्यावेत, आणि स्लिपांच्या मोजणीत वाचवलेल्या तारखाही धराव्यात. शाखेच्या पदाधिकाऱ्यांनी ऐकून घेतले, पण नियम वरून ठरतात असे सांगितले. त्यांचे वागणे सभ्य होते आणि माझी त्यांच्यावर नाराजी नाही. मात्र त्यांचे साचे ज्या व्यवसायांसाठी बनले आहेत, त्यांत आमचा व्यवसाय बसत नाही, हे मला तेव्हा पटले.

कोणी घ्यावे म्हणाल तर, नव्याने स्टुडिओ उघडलेला छायाचित्रकार, पत्रिका छापणारा, लग्नाचे दागिने भाड्याने देणारी, समारंभ नियोजनाचे काम नुकतेच सुरू केलेला तरुण किंवा तरुणी, यांनी एक वर्ष जरूर घ्यावे. त्यांच्या सकाळी मोकळ्या असतात आणि त्यांना गावात चेहरा हवा असतो. केटररने विचार करून घ्यावे. खाद्यपरवाना आणि बिलाची व्यवस्था नीट असेल तर उद्योगांच्या आणि कार्यालयांच्या समारंभांची कामे त्याला तिथून मिळू शकतात, आमच्या केटररला ती मिळाली. फूलवाले, मंडपवाले आणि डेकोरेटर यांनी तेच चाळीस हजार रुपये दोन चांगल्या कमानी आणि एका जुन्या कारागिराच्या वर्षभराच्या पगारवाढीत घालावेत, असे माझे मत आहे.

मी आता काय करते, हेही विचारले जाते. काकतीच्या लॉनवर सामान पाठवणारा तो डेकोरेटर, शहापूर आणि अनगोळचे दोन मंडपवाले, निपाणीची एक सजावटकार, खानापूरचा एक प्रकाशयोजनावाला, माळा ओवणाऱ्या बायकांची मुकादम आणि आणखी काही असे मिळून आम्ही अकरा जण व्हॉट्सॲपच्या एका गटात आहोत. रविवारी रात्री प्रत्येक जण पुढच्या पंधरवड्यातल्या आपल्या भरलेल्या आणि मोकळ्या तारखा व रिकामे सामान लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही ते बोलून पाठवतात. शुभेच्छांचे संदेश, फुलांचे फोटो, राजकारण यांना तिथे मनाई आहे. ब्रॉडकास्ट यादीचा प्रयोगही मी केला होता, पण ज्याने आपला नंबर जतन केलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही, म्हणून तो सोडला. एकाने दुसऱ्याचे काम सांभाळले तर मजुरी आणि सामानाचे भाडे त्याच दिवशी द्यायचे, आणि बदलीवर गेलेल्याने त्या लग्नघराला आपले कार्ड द्यायचे नाही, एवढेच आमचे दोन नियम. दुसरा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. गेल्या तीन महिन्यांत तो एकदा मोडला गेला आणि त्यावर आम्ही तासभर भांडलो, पण गट मोडला नाही.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास आहे. १७ मे ते १५ जून या काळात लग्ने नसतील, म्हणजे उन्हाळ्याच्या हंगामातला महिना आम्हा सगळ्यांच्या हातून जाणार आहे. त्या दिवसांत माझ्या गोदामात बसून अकरा जणांच्या सामानाची एकच यादी करायचे ठरले आहे: कोणाकडे किती फुटांच्या किती कमानी, किती गालिचे, किती खुर्च्यांची कव्हरे, आणि कोणाच्या टेम्पोला महाराष्ट्रात आणि गोव्यात जायचे परमिट आहे.